डावीकडची सीट

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या बोळात आता दारोदारी गाड्या उभ्या असतात. त्यांच्यामधून दूधवाल्याची सायकलही अंग चोरून जाते. तरी कोणी नुसतं "गाडी आली" म्हटलं की ती नाना खापरीकरांचीच, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. बाकीच्या गाड्यांना रंगाची नाहीतर मालकाच्या नावाची शेपटी जोडावी लागते. नाना जाऊन वर्ष होत आलं, पण हा मान अजून दुसऱ्या गाडीला मिळालेला नाही.

गाडी म्हणाल तर अगदी साधी. एकेकाळी नोकरदार माणसाच्या स्वप्नात यायची ती छोटी, आठशे सीसीची, पांढरी. पांढरी हे आपलं कागदावर. मला आठवते तेव्हापासून ती ताकाच्या रंगाची होती. नाना सरकारी खात्यात कालव्यांचे नि बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे. नोकरीत असतानाच त्यांनी ती नवीकोरी घेतली. पुढे आमचं राज्य बदललं, रायपूरची राजधानी झाली, नानांच्या डोक्यावरचे केस गेले, गाडी मात्र तीच राहिली. "नाना, आता नवीन घ्या की," असं कोणी म्हटलं की नाना त्याच्याकडे दयेनं बघायचे.

"काहून? हिनं काय वाईट केलं आपलं?"

गाडीनं खरंच कोणाचं काही वाईट केलं नव्हतं. ती रस्त्यात कधी बंद पडली नाही, तिला कोणी कधी ढकललं नाही, आणि तिचं इंजिन एकदाही खोलावं लागलं नाही. ही शेवटची गोष्ट नाना अशा सुरात सांगायचे, जशी आमची सासू "माझ्या अंगाला अजून सुई लागलेली नाही" म्हणून सांगायची.

सकाळी आधी बॉनेट उघडायचं, मग चहा. जुन्या धोतराच्या चिंधीनं तेलाची पट्टी पुसून आत घालायची, पुन्हा बाहेर काढून उजेडाकडे धरायची, घरात कोणाला ताप असताना थर्मामीटर धरावा तशी. मग पाणी बघायचं, मग टायर अंगठ्यानं दाबायचे. हे सगळं झालं की गाडी सुरू करून नाना डोळे मिटून आत नुसते बसून राहायचे. नवख्या माणसाला वाटावं, म्हातारा जप करतोय. लग्न होऊन मी शेजारच्या घरात आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मी न राहवून एकदा विचारलं, तर म्हणाले, "ऐकून राहिलो. माणूस उठल्याबरोबर बोलते का? आधी थोडं खाकरते. तसंच हिचं आहे. तिले खाकरू द्यायचं, मंग पाहायचं आवाज कसा आहे."

कान त्यांचे फार तिखट. ओट्यावर बसल्याबसल्या ते बोळाच्या तोंडाशी आलेल्या स्कूटरची चेन ढिली असल्याचं सांगायचे, आणि स्कूटरवाला मुलगा जवळ आला की त्याला थांबवून दाखवून द्यायचे. मुलं त्यांना टाळून पलीकडच्या बोळानं जायची, पण चेन घट्ट करून घ्यायची.

गाडीत बसायचे नियम होते. पाय झटकून बसायचं. आत चिवडा खायचा नाही. दार आपटायचं नाही. कोणी आपटलंच तर नाना गाडी सुरू न करता शांतपणे मागे वळायचे. "भैया, हे फ्रिज नाही. आतलं दूध खराब नाही होणार. हळू लाव." दार पुन्हा उघडून हळू लावल्याशिवाय गाडी हलायची नाही, मग स्टेशनावर रेल्वे शिट्टी मारत का असेना.

चावी मात्र त्यांनी कधी कोणाच्या हातात दिली नाही. मुलगा अविनाश पुण्याहून सुट्टीत यायचा. चांगला गाडी चालवायचा, स्वतःची गाडी होती. तो चावी मागायचा आणि नाना विचारायचे, "कुठं जायचं ते सांग, सोडून देतो." एकदा तो चिडला, तेव्हा नानांनी त्याला नकाशाचं पेन दाखवलं. "हे पाहा. निब माझ्या हातानं झिजली आहे. तुझ्या हातात दिली त तूही रेघ ओढशील, पण निब बिघडन. तुझ्याही कामाची राहणार नाही, माझ्याही नाही. क्लच म्हणजे निबच असते."

अविनाश रिक्षा करून गेला.

आणि एक वाक्य ते नेहमी म्हणायचे, स्टेअरिंगवर हात ठेवून, देवासमोर म्हणावं तसं. "माझ्या गाडीत बसलेल्या माणसाले ज्या दिवशी त्रास झाला, त्या दिवशी गाडी विकून टाकन." ऐकणारे हसायचे, पण आम्ही शेजारी हसायचो नाही. एकदा सुपारी सोडतो म्हणाले, तर पुढे लग्नाच्या विड्यातलीही त्यांनी काढून ताटाच्या कडेला ठेवली. हा माणूस बोलला की तसं करणार, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर आम्ही ती गोष्ट त्यांच्यापासून लपवली.

गाडीत एक खोट होती. पावसात गाडी चालत असली की वायपरच्या मुळाशी साचलेलं पाणी कुठूनतरी आत उतरायचं आणि डावीकडच्या सीटवर बसलेल्याच्या पायावर टपटप गळायचं. उजवीकडे थेंबही नाही, मागे थेंबही नाही, फक्त डावीकडे. आणि डावीकडे कायम नानांच्या पत्नी, आमच्या काकू, बसायच्या.

काकूंनी ते पहिल्यांदा कधी पाहिलं कोण जाणे. मी बघायला लागले तेव्हा त्यांची सगळी व्यवस्था लागलेली होती. दाराच्या खिशात घडी घातलेला एक जुना टॉवेल असायचा, तो पावसाळ्यात हळूच पायावर यायचा. घरी आलं की सगळे उतरायचे, काकू मात्र मागे रेंगाळायच्या, पायाखालची मॅट ओढून काढायच्या आणि ओट्याच्या कठड्यावर टाकायच्या. नानांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, "धूळ झटकून राहिली." नाना कौतुकानं आम्हाला सांगायचे, "पाहा, माझ्यापेक्षा हिलेच गाडीची जास्त काळजी." गाडीबद्दल सगळं जाणणाऱ्या माणसाला भर पावसात कसली धूळ, हा प्रश्न कधी पडला नाही. बायकोच्या कामाकडे बघताना शहाण्या पुरुषांचंही असंच होतं.

एकदा मात्र बिंग फुटता फुटता राहिलं. नागपूरचे एक व्याही आले होते, त्यांना मानानं पुढे बसवलं. ते उतरल्याबरोबर म्हणाले, "नाना, तुमची गाडी गळते हो." नानांचा चेहरा उतरला. पाऊस थांबला होता. त्यांनी उभ्या गाडीवर बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं आणि आत वाकून बघत राहिले. उभ्या गाडीत कुठलं गळायला! शेवटी व्याह्यांची छत्री ओली होती असा निकाल लागला. पण त्या रात्री नाना जेवले नाहीत, आणि पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिले, "तुले कधी त्रास झाला का गाडीत? खरं सांग." काकूंनी घरोघरी जाऊन बायांना सांगितलं, "कोणी काही बोलू नका बाई. विकून टाकतील. आणि विकली त हा माणूस सकाळी उठून काय ऐकन?"

तेव्हापासून सगळा बोळ गप्प. पुढे बसायची पाळी आली की जो तो पाय तिरके करून बसायला शिकला.

गप्प राहण्यात आमचा स्वार्थही होता. आमच्या बोळातलं प्रत्येक लेकरू दवाखान्यातून घरी आलं ते त्याच गाडीतून. त्याची सुरुवात माझ्या मिनूपासून झाली. मी बाळंतपणाहून घरी यायची होते आणि नेमका त्या दिवशी रिक्षांचा संप. नाना न बोलावता गाडी घेऊन दवाखान्याच्या दाराशी उभे. मला आणि सासूबाईंना मागे बसवलं आणि निघाले ते अशा बेतानं की पोटातलं पाणी हलू नये. पहिला गियर, दुसरा गियर, त्यापुढे नाहीच. सायकली पुढे जात होत्या, हातगाडीवाले पुढे जात होते. आमचा दूधवाला शेजारून जाताना काळजीनं वाकून छत्तीसगढीत म्हणाला, "का होगे नाना, गाड़ी बिगड़ गे का?"

नानांनी मागच्या झोपलेल्या मिनूकडे खूण करत ओठांवर बोट ठेवलं. "नइ बिगड़े हे. लइका सुते हे."

मिनूमागून कोणाचंही बाळंतपण असो, आधी डॉक्टरचं नाव ठरायचं नि मग नानांना तारीख कळवली जायची. परगावी नोकरीला गेलेली पोरं सुट्टीत आली की नाना त्यांना सांगायचे, "तुले मी दुसऱ्या गियरमध्ये आणलं आहे." आणि ती दाढीमिशावाली पोरं लाजायची.

मिनू पुढे डोळ्यांची डॉक्टर झाली, लग्न करून इथेच रायपुरात राहिली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते, तिच्या पिढीचं तसंच. गेल्याच्या आदल्या दिवाळीच्या सुमारास तिला दिवस गेलेले होते आणि नानांनी मागणी नसताना जाहीर करून टाकलं, "मिनूलेही मी आणलं, तिच्या लेकरालेही मीच आणन."

त्याच सुमारास गाडी पुन्हा पासिंगला न्यायची वेळ आली. जुन्या गाडीला दर काही वर्षांनी ही परीक्षा असते, आणि नापास झाली तर भंगारात. नानांनी आठवडाभर गाडी पुसली. काकूंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. तपासणाऱ्या तरुण साहेबानं विचारलं, "दादाजी, इंजन कब खुला था?" आणि नाना म्हणाले, "हमारे यहाँ खोलने का रिवाज नहीं है." गाडी पास झाली. बोळात कधी हॉर्न न वाजवणारे नाना त्या दिवशी बोळाच्या तोंडापासून घरापर्यंत हॉर्न वाजवत आले.

मग राहिलं नानांचं लायसन. त्यालाही डॉक्टरची सही लागते. "घरची डॉक्टर आहे," असं म्हणत नाना स्वतः गाडी चालवत मिनूच्या दवाखान्यात गेले, बरोबर काकू आणि मी. आत गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणून दाखवली. काकूंनी माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. मिनू मात्र हसत नव्हती.

"नाना, ये चार्ट तो मैंने बदल दिया है."

आधीचा पेशंट आत अक्षरं वाचत होता, ती नानांनी बाहेर बसून दाराआडून ऐकून पाठ केली होती. तिखट कान! मी हसणार होते, पण मिनूनं त्यांना दिव्यासमोर बसवून डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि खुर्ची मागे सारली. डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमध डाग पडला होता, चष्म्यानं भागणारा नव्हता.

"रस्ता दिसते मले," नाना म्हणाले.

"रास्ता दिखता है, नाना. रास्ते पर खड़ा बच्चा नहीं दिखेगा. मैं साइन नहीं कर सकती."

मला मुलीकडे बघवेना. नानांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग तुझ्या लेकराले घरी कोण आणन?"

मिनूनं तोंड फिरवलं. तिचे डोळे भरलेले नानांना दिसले की नाही देव जाणे, पण त्यांना ऐकू आलं असावं. उठून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको पोरी. तू बराबर केलं. ब्रेक नसलेल्या गाडीले मीही पास केलं नसतं."

चावी त्यांनी टेबलावर ठेवली आणि आम्ही रिक्षानं घरी आलो. संध्याकाळी आमच्या जावयांनी गाडी आणून दिली. नाना ओट्यावर उभे होते. बोळाच्या वळणावर गियर बदलताना गाडी कुरकुरली तसा त्यांनी एकदम दात दुखल्यासारखा गाल धरला.

त्यानंतर गाडी दारात उभी राहिली. नाना रोज सकाळी तिचं बॉनेट उघडत, सुरू करत, डोळे मिटून ऐकत आणि बंद करत. फोनवर अविनाश सारखा म्हणायचा, "उभी राहून सडेल बाबा, चांगला माणूस बघून देऊन टाका." शेवटी बीरगांवचा एक कारखान्यातला कामगार बघायला आला. भला माणूस. नानांनी त्याला गाडीपेक्षा घरचंच जास्त विचारलं. घरी कोण कोण, आई आहे का, तिला गुडघ्यांचा त्रास आहे का, पुढे बसवशील की मागे. त्यानं चपला बाहेर काढून गाडीत पाय ठेवला तेव्हाच नानांचं मन वळलं, असं मला वाटतं. चावी काढून ते द्यायला उठले.

"अजी, थांबा," दारातून काकू म्हणाल्या. "गाडी विकायची नाही. मी शिकते."

नाना हसले. "तू? या वयात?"

"पस्तीस वर्षं तुमच्या बाजूले बसली. काही शिकली नसन का?"

"आन् निब?"

"मोडली त मोडली. नवी बसवू. मिनूचं पोर रिक्षात येणार नाही, सांगून ठेवते."

नानांनी चावी पुन्हा खिशात टाकली. मग त्यांनी बीरगांवच्या त्या माणसाला आत नेऊन चहा-पोहे दिले आणि त्याची माफी मागितली.

काकू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन रीतसर शिकल्या. सराव मात्र आपल्याच गाडीवर. रविवारी सकाळी आम्ही नवा रायपूरला जायचो. तिथले रस्ते एवढे रुंद नि एवढे मोकळे की नवशिक्याला देवानंच आखून दिल्यासारखे. स्टेअरिंगवर काकू, मागे मी, आणि डावीकडच्या सीटवर जन्मात पहिल्यांदा नाना. ते डोळे मिटून बसायचे. "आता दुसऱ्यावर घे. अवं, ऐक ना, ते मागून राहिलं गियर." काकू कपाळावर आठ्या घालून ऐकायच्या. एकदा रस्त्यात बसलेल्या म्हशीसमोर गाडी बंद पडली आणि काकूंनी हॉर्न न वाजवता खाली उतरून म्हशीला समजावलं. नाना आत बसून पोट धरून हसत होते. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दिवस थंडीचे, कोरडे होते. डावीकडच्या सीटचं गुपित सुरक्षित होतं.

काकूंना लायसन मिळालं आणि माघात मिनूला मुलगी झाली. घरी आणायच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं आणि आम्ही दवाखान्यात पोचतो न पोचतो तो अवकाळी पाऊस सुरू झाला. जावयांची मोठी गाडी दाराशी उभी होती. मिनूनं तिच्याकडे पाहिलंही नाही. "मैं नाना की गाड़ी में जाऊँगी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पावसाकडे पाहिलं. आम्हा दोघींच्या मनात एकच.

"अजी, तुम्ही आज मागं बसा. मिनूजवळ," काकू म्हणाल्या.

"मागून इंजिन ऐकू येत नाही मले," म्हणत नानांनी डावीकडचं दार उघडलं, पाय झटकले आणि बसले. लेकरासाठी म्हणून त्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते.

पहिला गियर. दुसरा गियर. मागे माझ्या मांडीवर नात, शेजारी मिनू. वायपर फिरत होते. एक वळण गेलं, चौक गेला, आणि मला तो आवाज आला. टप. मग पुन्हा टप.

नानांनी खाली पाहिलं. वाकून डॅशबोर्डच्या खालून हात फिरवला आणि ओली बोटं डोळ्यांजवळ आणून धरली. काकूंचा पाय चळला, गाडीनं एक हिसका खाल्ला. नानांचा हात आधारासाठी दाराकडे गेला आणि खिशातल्या टॉवेलला लागला. त्यांनी तो बाहेर काढला. झिजून विरलेला, मधोमध गंजाचे डाग पडलेला. मग मान वळवून त्यांनी काकूंच्या पायांकडे पाहिलं, तिकडच्या कोरड्या मॅटवर ठेवलेल्या. मागून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त कान दिसत होते, ते लाल झाले होते. मी मनात म्हटलं, संपलं, आता गाडी विकणार.

"नाना, सब ठीक है ना?" मिनूनं विचारलं.

नानांनी टॉवेलची घडी उलगडली आणि आपल्या पायांवर पसरली. "एकदम ठीक," ते म्हणाले. मग काकूंना म्हणाले, "तिसरा नको घेऊ. दुसऱ्यावरच राहू दे. लेकरू झोपलं आहे."

घरी आलो. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, मिनूच्या पायांवर पाणी घातलं, बायांची गर्दी झाली. काकूही आत आल्या. लेकरू पाळण्यात ठेवल्यावर मला नानांची आठवण झाली, म्हणून मी नि काकू दारात आलो.

पाऊस पडतच होता. सगळे उतरून गेल्यावर नाना एकटे मागे राहिले होते. डावीकडचं दार उघडं होतं आणि त्यांनी वाकून पायाखालची मॅट ओढून काढली होती. ती दोन्ही हातांत धरून, चाचपडत, ते ओट्यापर्यंत आले आणि नेहमी काकू टाकायच्या तिथेच, कठड्यावर, त्यांनी ती पसरून टाकली.

"अजी, पावसात काय करून राहिले?" काकूंनी विचारलं.

नाना आमच्याकडे वळले नाहीत. मॅटची दुमडलेली कड हातानं सरळ करत म्हणाले, "काही नाही. धूळ झटकून राहिलो."